कडू भाकर कुणाच्या दारी

ये रे दिगू, इकडं ये. असा उंबऱ्यात पाहुण्यासारखा उभा राहू नको. चप्पल काढ, माझ्याजवळ बस, आज तुला जरा बोलणार आहे मी. माणसाच्या मागं बोलायची मला सवय नाय, म्हणून तुलाच बोलते.

छातीत दुखतंय हे तुला कळत होतं ना? मैदानावर मधेच खाली बसलास, मी विचारलं तर म्हणालास, "पित्त आहे आक्का, चहा जास्त झाला." आमच्यातल्या कुणाच्या टाचेला खडा टोचला तरी तुला लांबून कळायचं. "शोभाताई, डाव्या गुडघ्यावर भार नको," असा ओरडायचास. आणि स्वतःच्या छातीला पित्त म्हणालास! शहाणं माणूस असं करतं का? माझ्याआधी जायचा तुला काय हक्क होता? वयानं मोठी मी. रांगेत मी पुढं होते. मधे घुसलास तू.

बरं, रागावून झालं. आता घोटभर पाणी पी आणि ऐक.

हे लिहू का म्हणून आधी तुझ्या खोलीवरच्या मधूला विचारलं. तो लई वेळ गाडीची किल्ली बोटात फिरवत बसला. मग म्हणाला, "लिहा आक्का. त्याचं लिहा, माझंबी लिहा. आता कुणाला जपायचं?" म्हणून लिहितेय. नाहीतर तुझी गोष्ट मी तशीच पदराला बांधून ठेवली असती, जशी इतकी वर्षं ठेवली.

तुझी माझी ओळख झाली ती गणपतीच्या खेळांवरून. बजाजनगरात आमच्या लाइनीमागं ते मोकळं मैदान, जिथं लग्नाचे मांडव पडतात. मंडळाची माणसं ठरवत बसली होती, "बायांसाठी काय ठेवायचं? संगीत खुर्ची आन लिंबू-चमचा." तू कडेला उभा होतास. म्हणालास, "रस्सीखेच ठेवा की."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "दोर ओढणार कोण? ह्या?"

तू हसला नाहीस. "पाण्याचे हंडे ओढतात, सिलिंडर ओढतात, तुम्हाला ओढतात. दोरच तेवढा राहिलाय," म्हणालास. तेव्हाच मी मनात म्हटलं, हे माणूस कामाचं आहे.

तू कबड्डीची पोरं सोडून आलायस हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. सोडून कसला, तुझ्याकडून काढून घेतली होती. तुझ्या हाताखालची पोरं राज्याला खेळून आली, तुझ्या नावाच्या टाळ्या वाजल्या, आणि मग कुठंतरी कुणीतरी तुझ्या खोलीवरच्या माणसाबद्दल काहीतरी पुटपुटलं. तिथल्या चार शहाण्यांनी तुला सांगितलं, "सर, थोडे दिवस आराम करा." कारण सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. ही गोष्ट तू मला फार नंतर सांगितलीस, आणि सांगताना कुणालाही शिवी दिली नाहीस. एवढंच म्हणालास, "एका पोराचा खांदा बरा व्हायचा होता आक्का. नव्या माणसाला ते सांगायचं राहून गेलं." मला तुझ्याऐवजी राग आला होता. तुला त्या खांद्याचीच फिकीर.

त्यांनी टाकून दिलं ते आमच्या पदरात पडलं, दिगू. मी देवाला हात जोडते त्याबद्दल, आणि त्यांना नाही जोडत.

काय शिकवायचास तू! पहिले कितीतरी दिवस समोर माणूसच नव्हतं. दोराचं एक टोक मैदानातल्या लिंबाला बांधलं आणि म्हणालास, ओढा. शोभा म्हणाली, "सर, झाड कसं यायचं?" तू म्हणालास, "झाड यायचं नाय. तुम्ही पुढं जायचं नाय, एवढंच शिकायचंय." टाच अशी रोवायची, बूड खाली, पाठ इतकी सरळ की तिच्यावर परात ठेवली तर पीठ सांडू नये. दोर नुसत्या हातानं ओढायचा नाही, काखेत धरायचा आणि पायांनी जमीन ढकलायची. समोरच्यांच्या तोंडाकडं बघायचं नाही, आपल्या पुढचीच्या मानेकडं बघायचं. आणि श्वास सगळ्यांनी एकदम. तू पुढं उभा राहून हात खाली टाकायचास, "हेऽऽ घे!" आणि आठ बायांचा एक श्वास व्हायचा. माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडं इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं, जितकं तू आमच्या टाचांकडं बघायचास.

मला शेवटी उभं केलंस, दोर कमरेभोवती घेऊन. बाकीच्या कुजबुजल्या, आक्काचं वय झालं, अंग जड झालं. तू म्हणालास, "जड आहेत म्हणूनच. आक्का हलल्या नाहीत तर दोर हलत नाही." त्या दिवसापासून माझ्या जाडीची मला लाज वाटली नाही बघ.

आणि बांगड्या. सामन्याला बांगड्या काढाव्या लागतात, काच फुटली तर हात कापतो. पण सवाशीण बाई मोकळ्या हातानं चारचौघांत कशी उभी राहील? शोभाची सासू म्हणाली, "बांगड्या उतरवल्यास तर घरात येऊ नको." बाया परत निघाल्या होत्या. तू मधूकडं वळलास. त्यानं गाडीतून जुनं धोतर आणलं, तू त्याच्या पट्ट्या फाडल्यास आणि एकेकीच्या मनगटावर बांगड्यांवरून घट्ट बांधल्यास. "काढायच्या नाहीत. झाकायच्या," म्हणालास. सासूचंही भागलं, पंचाचंही भागलं.

पहिला सामना आठवतो? गंगापूरकडच्या बायांशी. उसाच्या मोळ्या उचलणारे हात त्यांचे. शाळेची मुलं नेऊन झाली की मधूची गाडी रिकामी, तिच्यातच कोंबून घेऊन आपण गेलो. आपण जिंकत होतो रे दिगू! दोरावरची खूण निम्म्याच्या वर आपल्याकडं सरकली होती. आणि त्यांची पुढची बाई पाय घसरून तोंडावर पडली. झालं. शोभानं दोर सोडला. "अगं बाई, लागलं का गं?" म्हणत धावली. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. कुणी पाणी आणलं, कुणी पदरानं तिचं तोंड पुसलं. मागं दोर धरून एकटी मी, आणि समोरून सात बाया ओढतायत. मी फरपटत गेले ते थेट त्यांच्या पंचाच्या पायाशी.

वाटलं, आता तू काहीतरी ताडताड बोलशील. तू खाली बसलास आणि पोट धरून हसलास. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग म्हणालास, "उचलायचं. पडलेल्याला उचलायचंच. फक्त शिट्टी झाल्यावर." आणि मला उठवताना हळूच कानात म्हणालास, "आक्का, तुम्ही नाय सोडला. बघितलं मी."

पुढच्या वर्षी फर्दापूरला जिंकून येताना वाटेत चहाला थांबलो. बाया टपरीवर भजी खात होत्या, मधू गाडीची काच पुसत होता. मी म्हटलं, आज माणूस खुशीत आहे, विषय काढावा. माझ्या माहेरकडची एक पोरगी होती, नवरा सोडून गेलेला, गुणी. म्हटलं, "दिगू, एकट्याचं आयुष्य काय खरं नाय बाबा. दुखलं-खुपलं तर कोण बघणार?"

"मधू आहे ना."

"अरे, मधू किती दिवस राहील? त्याचंबी लग्न होईल."

"नाय व्हायचं."

"का? त्याला काय धाड भरलीय?"

तू चहाचा कप खाली ठेवलास. माझ्याकडं नाही बघितलंस, काच पुसणाऱ्या मधूकडं बघितलंस. आणि म्हणालास, "आक्का, आमचं झालंय. तुम्हाला जसं नवऱ्याचं असतं, तसंच. मंत्र तेवढे नाय झाले."

आता पेपरात त्याला समलिंगी म्हणतात, टीममधली पूजा त्याला 'गे' म्हणते. तू कुठलाच शब्द वापरला नाहीस. आणि मला शब्दाची गरजही पडली नाही, कारण तू ज्या नजरेनं बघितलंस ती नजर मला ठाऊक होती. आमचे हे कंपनीतून आजारी होऊन आले होते तेव्हा मी तशी बघायचे. मला एवढंच सुचलं, "मग त्याला भजी दे जाऊन. सगळ्या खातायत, तो उपाशी हाय." तू असा हसलास! आणि पळत गेलास भज्यांची पुडी घेऊन, भरल्या वयाचा माणूस. तू पाठमोरा पळतोयस ते मला अजून दिसतं.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, ते मिटलंच नाही. आपल्याकडं सत्काराची रीत कशी, माईकवर पुकारतात, "प्रशिक्षकांनी सपत्नीक यावं." जोडीनं शाल, जोडीनं नारळ. तुला दर वर्षी एकट्याला नारळ. मधू खाली गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवायचा, सगळ्यांत जास्त वेळ. मी तुला म्हणायचे, "ने ना त्याला वर." तू म्हणायचास, "आक्का, ह्या बाया घरून मोठ्या मुश्किलीनं सुटतात. उद्या ह्यांच्या घरी कळलं की सर असले आहेत, तर एकीलाही मैदानावर पाठवणार नाहीत. माझी पोरं गेली एकदा. ह्या नाय जाऊ द्यायच्या मला."

मी म्हणायचे, "तू आम्हाला बांगड्या झाकायला शिकवलंस, आन स्वतःलाबी पट्टी बांधून बसलास." तू म्हणायचास, "हात तर वाचले ना?" मग मी चिडून घरी जायचे. पुढच्या वर्षी परत तेच.

आता त्या भांडणाचा निकाल लागलाय. तू हरलास. कसा ते सांगते.

तू गेलास तेव्हा दवाखान्यातूनच थोरल्या भावानं तुला गावाकडं नेलं, गंगापूरच्या पुढं. रक्ताचं नातं, कागदावर सही त्याची. आम्ही सगळ्याजणी मधूच्या गाडीतून मागोमाग गेलो. अंगणात बाया, वाटेवर माणसं. मधू खांदा द्यायला पुढं झाला, तर कुणीतरी म्हणालं, "आधी घरचे." तो मागं सरला. वाईट हेतूनं नसेल बोललं ते माणूस. पण मी अंगणातून बघितलं, दिगू. तो शेवटपर्यंत मागंच चालत राहिला.

गावाहून परत आलो. सामन्याहून आल्यावर सोडायचा तसं त्यानं एकेकीला दारात सोडलं. शेवटी मला. म्हणाला, "आक्का, दार लावून घ्या." आणि गेला एकटा, तुमच्या त्या दोन खोल्यांत.

मी तशीच ओट्यावर बसले. आपल्याकडं ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारी भाकर-वरण करून नेतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. ती कडू भाकर. भाकर कडू नसते, वेळ कडू असते. पण ती ज्या दारात जाते ते दुखवट्याचं घर, हे गल्लीला न सांगता कळतं. तुझ्या भावाच्या दारात ती गेलीच असणार. मधूच्या दारात कोण नेणार? त्याला गल्ली काय समजते? खोलीवरचा भिडू. भिडूला कुणी कडू भाकर नेतं का?

मी परात घेतली. मग वाटलं, एकटीनं नेली तर म्हातारीची दया होईल. टीमनं न्यायला पाहिजे. पण मग टीमला सांगावं लागणार. तू इतकी वर्षं जपलंस ते मी एका संध्याकाळी फोडायचं? तुझं ते वाक्य कानात, ह्या नाय जाऊ द्यायच्या मला. हात पिठात आणि जीव टांगणीला. शेवटी शोभाला फोन केला. म्हटलं, "शोभा, तुला एक सांगायचंय. मधू आणि सर..."

तिकडून तव्याचा आवाज येत होता. म्हणाली, "आक्का, मी केव्हाची भाकरी थापतेय. तुम्हाला कसं सांगावं तेच कळंना. म्हटलं आक्का जुन्या वळणाच्या, त्यांना झेपायचं नाय."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. बांगड्यांच्या पट्ट्या बांधल्या ना, त्या दिवशी. सरांनी नुसता हात पुढं केला, आन मधूभाऊनं न बोलता धोतर दिलं. असं आमच्या घरात पंचवीस वर्षांत होत नाय."

तेवढ्यात पूजा आली, पोरगी अजून कंपनीच्या युनिफॉर्मातच, हातात वरणाचा डबा. मला बघून गोंधळली. "आक्का, हे मी... मधूभाऊंना... तुम्हाला माहिताय का?"

एकूणएकीला माहीत होतं, दिगू! प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीलाच ठाऊक आहे आणि ते बाकीच्यांपासून जपायचंय. शोभा तर सासूला सांगायची, "सरांची बायको बाळंतपणात वारली, म्हणून ते लग्न करत नाहीत." स्वतःच्या मनानं तुला बायको दिली आणि मारूनही टाकली, बिचारीनं! तू आम्हाला जपत होतास, आम्ही तुला जपत होतो, मधल्या मधे दोर ताणलेला आणि समोर कुणी नाहीच.

तुला हे सांगायचं राहून गेलं. एवढं एकच राहून गेलं बघ. तू जिवंत असताना आम्ही एकमेकींना एकदा जरी विचारलं असतं, तर एखाद्या वर्षी सत्काराला मधू तुझ्याबरोबर वर आला असता. शाल कुणी नसती दिली तर मी माझी दिली असती.

गेलो आम्ही आठहीजणी, दिवेलागणीला, उघड, गल्लीतून, डोक्यावर पदर घेऊन, जसं दुखाच्या घरी जातात. लोक दारात येऊन बघत होते. बघू दे.

मधूनं दार उघडलं. आमच्या हातातली भाकर बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "हे माझ्याकडं कशाला? त्याचं घर तिकडं आहे."

मी म्हटलं, "सरक बाजूला, पाय दुखतायत माझे."

आम्ही बसलो. तो बसेना. मग शोभानं घास मोडला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो किती वेळ नुसता धरून ठेवला. तोंडात घातला की खरं होणार होतं ना सगळं. कुणी घाई केली नाही. मग त्यानं खाल्लं. एक घास, दुसरा घास.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आम्ही तिथंच, तर तुझे थोरले भाऊ आले, तुझे कपडे-कागद न्यायला. दारातच थबकले. एवढ्या बाया, मधे मधू, पुढ्यात भाकर.

"तुम्ही कोण?"

शोभा म्हणाली, "सरांची टीम."

"आन हे इथं कसं? आमच्या घरी झालंय ना सगळं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी शेवटची ना दोराची. म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरी तुमच्या गल्लीनं आणली असेल. ह्या घरातलंबी माणूस गेलंय. इथं आम्ही आणली."

ते चौकटीला हात लावून उभे राहिले. तुझ्यासारखीच उभं राहायची ढब, पाठ सरळ. मग आत आले, खाली बसले आणि मधूला विचारलं, "शेवटी काय बोलला तो?"

मधू म्हणाला, "गाडी हळू चालव म्हणाला. म्हणाला, मागं कुणी बसलंय का बघ."

तुझा भाऊ रडला रे दिगू, मोठ्यानं. पंचा तोंडात धरून. आणि मग म्हणाला, "मलाबी वाढा." एका ताटात नाही, पण एका पंगतीत जेवले दोघं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही, तुला खोटं चालत नाही. तेराव्याला त्यांनी मधूला बोलावलं, पण गावकऱ्यांच्या ओळीत बसवलं, घरच्यांच्या नाही. निम्मं झालं. झालेल्या निम्म्याबद्दल मी त्यांचे आभार मानले, राहिलेल्या निम्म्यासाठी भांडणार आहे. मला भांडायची सवय तूच लावलीस.

मैदानावर आम्ही परत उभ्या राहतो. शोभाच्या सासूला आता सगळं कळलंय. दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या पोरग्याला सणाला जेवायला बोलव. आन बांगड्यांच्या पट्ट्या मळल्यात, धुऊन टाकते." एकही बाई गेली नाही, दिगू. एकही नाही.

पण मधूचं मला बरं दिसत नाही. तो रडलेला नाही अजून. मुलांना शाळेत सोडतो, आम्हाला आणतो-नेतो, विचारलं तर "ठीक आहे आक्का" म्हणतो. तुझा दात घासायचा ब्रश तसाच आहे. खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला तू झोपायचास, तिथं तो अजून जाऊन झोपत नाही, कडेला एवढ्याशा जागेत अंग चोरून पडतो, तू येऊन ओरडशील म्हणून जागा ठेवल्यासारखा. आम्ही भाकर नेऊ शकतो, भांडू शकतो, भावाला पंगतीला बसवू शकतो. त्या जागेचं आम्हाला काही करता येत नाही.

म्हणून बोलावलं तुला आज. माझ्याकडं पुन्हा सावकाश आलास तरी चालेल, मला घाई नाही, माझी तुझी भेट तशीही जवळच आहे. आधी त्याच्याकडं जा. स्वप्नात जा, झुळूक होऊन जा, कसं जायचं ते तुझं तू बघ. त्याला म्हणावं, सरक जरा भिंतीकडं, नीट पाय पसरून झोप. एवढं सांग आणि मग परत जा वाटलं तर.

पण ये बाबा. ह्याच आठवड्यात त्याच्याकडं ये.